बुद्ध्यांक ८६ आला, आता पुढे काय?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं देतो, ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह परत सांगतो. पण वहीत अर्धंच उतरतं, फळ्यावरचं लिहून घेणं कधी पुरं होत नाही, आणि एका दमात तीन कामं सांगितली तर त्यातलं एखादंच होतं. शाळेने बुद्धिमापन चाचणी करून आणायला सांगितली. एकूण बुद्ध्यांक ८६ आला आणि त्यापुढे ‘सरासरीपेक्षा कमी’ असा शेरा आहे. आता आईला कळत नाही की मूल मतिमंद आहे का, दुसरीकडे लगेच पुन्हा चाचणी करावी का, हा आकडा पुढे बदलतो का आणि मुलाला यातलं काय सांगायचं. नात्यातल्या कुणीतरी बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी तपासणीही सुचवली आहे. रिपोर्टमधले सगळे आकडे तिने दिले आहेत, त्यामुळे उत्तर नेमकं देता येईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते मिळेपर्यंत पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. तुमचा मुलगा मतिमंद नाही. बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. बुद्ध्यांक साधारण ७० किंवा त्याखाली असावा लागतो, आणि रोजच्या जगण्यातली कौशल्यं, म्हणजे स्वतःचं आवरणं, बोलून गरज सांगणं, पैसे आणि वेळ यांची जाण, इतर मुलांशी जमवून घेणं, ही वयाच्या मानाने ठळकपणे मागे असावी लागतात. नुसत्या आकड्यावर हे निदान करता येत नाही. २०१३ साली निदानाचे निकष सुधारले गेले तेव्हा तीव्रता ठरवण्यासाठीसुद्धा बुद्ध्यांकाऐवजी रोजच्या व्यवहारातली कौशल्यंच आधाराला घेतली गेली. तुमचा मुलगा स्वतःचं स्वतः आवरतो, नियमांचे खेळ खेळतो, मित्रांमध्ये रमतो, असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे ती शंका मनातून काढून टाका.

आता ८६ म्हणजे काय ते पाहू. या चाचण्यांमध्ये १०० ही सरासरी धरलेली असते आणि आकड्यांचा पसारा असा बेतलेला असतो की त्याच वयाची शंभर मुलं घेतली तर त्यातली ६८ मुलं ८५ ते ११५ या टप्प्यात येतात, आणि ९५ मुलं ७० ते १३० मध्ये. ८६ म्हणजे शंभरात खालून अठराव्या क्रमांकाच्या आसपास. ८० ते ८९ या पट्ट्यात सुमारे १६ टक्के मुलं असतात. चाळीस मुलांच्या वर्गात अशी सहा-सात तरी असतील, आणि त्यांतली बरीच कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

शिवाय हा आकडा एका बिंदूसारखा नेमका कधीच नसतो. चांगल्या चाचणीतही थोडी मोजमापाची चूक राहतेच, म्हणून एकूण बुद्ध्यांकाबरोबर पट्टा द्यायची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत तो पट्टा अंदाजे ८१ ते ९२ असा येईल. तुमच्या रिपोर्टमध्ये तो दिलेला दिसत नाही. तो मागून घ्या. ज्या रिपोर्टवर नुसता आकडा आणि शेरा असतो तो माझ्या मते अर्धवट रिपोर्ट आहे, मग तो कितीही जाड कागदावर छापलेला असो.

आणखी एक गोष्ट, कारण घरात कुणीतरी हा हिशेब करणारच. साडेसातचे ८६ टक्के केले की साडेसहाच्या आत-बाहेर येतं, आणि मग ‘याची बुद्धी साडेसहा वर्षांच्या मुलाची आहे’ असं बोललं जातं. हा हिशेब जुना आहे. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यांक रूढ केला. पण मोठ्या माणसांच्या बाबतीत हा भागाकार कोलमडतो, कारण चाळीस वर्षांच्या माणसाचं मानसिक वय वीस वर्षांच्या माणसाच्या दुप्पट असावं या अपेक्षेला अर्थच नाही. डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये मोठ्यांसाठी आणि १९४९ मध्ये मुलांसाठी चाचण्या आणल्या, त्यात भागाकार सोडून दिला आणि त्याच वयाच्या गटात हे मूल कुठे बसतं एवढंच पाहिलं. आज सगळ्या प्रमुख चाचण्या हेच करतात. ८६ मधून कुठलंही मानसिक वय काढता येत नाही.

आता रिपोर्टचं दुसरं पान उघडा. माझ्या दृष्टीने सगळा ऐवज तिथे आहे. तुम्ही दिलेले पाच आकडे असे आहेत: शाब्दिक आकलन १०३, दृश्य-अवकाशीय क्षमता (आकृत्या आणि त्यांची मांडणी डोळ्यांनी समजून घेणं) ९२, नव्या समस्येवर विचार करण्याची क्षमता ९४, कार्यकारी स्मृती ७६ आणि प्रक्रिया वेग ७२. वरच्या आणि खालच्या आकड्यात ३१ गुणांचं अंतर आहे. पाचांची गोळाबेरीज करून ८६ काढता येतो, तो गणिताने चुकीचाही नाही, पण तुमच्या मुलाची कुठलीच क्षमता नेमकी ८६ इतकी नाही. भाषा समजणं आणि शब्दांत विचार करणं यात तो वर्गातल्या मधल्या मुलाइतका, किंबहुना किंचित पुढे आहे. ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करणं (कार्यकारी स्मृती) आणि हाताने भराभर उरकणं (प्रक्रिया वेग) यात तो बराच मागे आहे. तोंडी येतं आणि वहीत उतरत नाही, ही तुमची मूळ तक्रार. चाचणीने तीच तक्रार आकड्यांत मांडून दिली आहे. म्हणजे चाचणी फसली नाही, उलट ती उपयोगी पडली. तिचा उपयोग पहिल्या पानावरच्या शेऱ्याने झाकला गेला, एवढंच.

मात्र इथे थांबता येत नाही. प्रक्रिया वेग ७२ का आला, हे तो आकडा सांगत नाही. हा वेग मोजणाऱ्या एका उपचाचणीत मुलासमोर कागद असतो, वर खुणांची एक किल्ली असते, आणि खाली ओळीने रिकाम्या चौकटी. किल्ली बघून चौकटींत खुणा भरायच्या, दोन मिनिटांत जमतील तेवढ्या. एक मूल पेन्सिल इतकी घट्ट धरतं की बोटांची टोकं पांढरी पडतात आणि तिसऱ्या ओळीपाशी ते हात झटकायला लागतं. दुसरं प्रत्येक खूण सुबक यावी म्हणून खोडून खोडून काढतं. तिसऱ्याला एकही खूण लक्षात राहत नाही, म्हणून ते दर वेळी मान वर करून किल्ली बघतं. चौथं मध्येच खिडकीबाहेर बघत बसतं. पाचव्याला कागद डोळ्यांजवळ न्यावा लागतो. पाचही मुलांना ७२ मिळू शकतात, आणि पाचांना लागणारी मदत पूर्णपणे वेगळी असते. पहिल्याला हाताच्या बारीक हालचालींवर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची गरज आहे, पाचव्याला बहुधा चष्म्याची.

अंक लक्षात ठेवण्याच्या उपचाचणीतही असंच पाहावं लागतं. परीक्षक सेकंदाला एक अशा गतीने अंक म्हणतो, मूल ते तसेच म्हणून दाखवतं, नंतर उलट क्रमाने. काही मुलं तीन अंक सहज सांगतात, चार अडखळत, आणि पाचाला थांबतात. तिथे स्मृतीची धारणाच तेवढी आहे असं म्हणता येतं. काही मुलं मात्र तीन अंक चुकवतात आणि पुढच्याच वेळी पाच बरोबर सांगतात. तिथे धारणा आहे, लक्ष टिकत नाही. गुणांच्या तक्त्यात दोन्ही मुलं शेजारी शेजारी बसतात.

म्हणून, ज्यांनी चाचणी घेतली त्यांची पुन्हा वेळ घ्या आणि मुलाने चाचणी कशी सोडवली ते विचारा. पेन्सिल कशी धरत होता? सोपं चुकवून अवघड बरोबर असं झालं का? वेळ संपल्यावर उत्तर आलं का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ठोकळे जुळवून नमुना तयार करताना एक मूल ठरलेली वेळ संपल्यावर सात-आठ सेकंदांनी अगदी अचूक नमुना पुरा करतं, आणि नियमानुसार त्याला शून्य मिळतं. दुसरं मूल दहा सेकंदांत ठोकळे सारून ‘येत नाही’ म्हणतं, त्यालाही शून्यच. नियम पाळायलाच हवेत, नाहीतर तुलनाच करता येणार नाही. पण नीट काम करणारा परीक्षक पहिल्या मुलाच्या शून्यापुढे समासात टीप लिहून ठेवतो. त्या टिपा परीक्षकाकडे असतात, रिपोर्टमध्ये क्वचितच उतरतात, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्यांनी समोर बसून अर्धा तास समजावून सांगणं हा चाचणीचाच भाग आहे, तो तुमचा हक्क समजा.

परीक्षा कशी पार पडली तेही आठवून पाहा. साधारण एक ते दीड तासाचं हे एकास एक काम असतं. परीक्षक ठरलेल्या शब्दांतच सूचना देतो, उत्तर बरोबर की चूक हे सांगत नाही, मेहनतीचं मात्र कौतुक करतो. लहान मूल अनोळखी खोलीत अनोळखी माणसासमोर बसलेलं असतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं गप्पांत गेली नाहीत, मूल शाळेतून दमून थेट आलं होतं, सर्दी-ताप होता, भूक लागली होती, किंवा ज्या भाषेत ते घरी विचार करतं त्या भाषेत चाचणी झाली नाही, तर आकडे खाली घसरतात. तुम्ही लिहिलंय की चाचणी घरच्या भाषेत आणि सकाळी झाली, म्हणजे तुमच्याकडे त्या बाजूने फारशी शंका घ्यायला जागा नाही.

आता लगेच पुन्हा चाचणी करायची का? माझं मत ठाम आहे, करू नका. तीच चाचणी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा दिली की मुलाला प्रकार ओळखीचे झालेले असतात, विशेषतः ठोकळे आणि आकृत्या यांच्यात, आणि आकडा काही गुणांनी वर चढतो. त्यात मुलाची क्षमता वाढलेली नसते, फक्त पुढच्या तपासणाऱ्यासाठी पाटी पुसट होते. म्हणून साधारण वर्षभराचं तरी अंतर ठेवतात. पहिली चाचणी आजारपणात झाली असेल, अर्धवट राहिली असेल, किंवा नंतर डोळ्यांचा वा कानांचा दोष सापडला असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी पहिला रिपोर्ट न लपवता दुसऱ्याच प्रकारची चाचणी घ्यायला सांगावं.

दुसऱ्या बुद्धिमापनावर खर्च करण्याऐवजी तीन तपासण्या करा. आधी डोळे आणि कान. मुलाला वारंवार सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकू येणं कधी बरं, कधी कमी असं होतं, आणि ते घरात चटकन कळत नाही. मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघतं आणि परत भानावर येऊन जणू काही झालंच नाही असं वागू लागतं, असं कधी दिसलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा. आकडीचा एक सौम्य प्रकार असाच दिसतो, त्यावर औषध आहे, आणि वर्गात तो ‘लक्ष नसतं’ या नावाखाली वर्षानुवर्षं खपून जातो. लोहाची कमतरता आणि थायरॉइड यांचीही चौकशी त्याच भेटीत होऊन जाईल.

त्यानंतर वाचन, शुद्धलेखन, लेखन आणि गणित यांची स्वतंत्र चाचणी. बुद्धिमापन चाचणीवरून अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण, ठरत नाही, हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते. शाब्दिक आकलन १०३ असलेलं मूल वयाच्या मानाने किती वेगाने आणि किती अचूक वाचतं, ऐकलेला शब्द लिहिताना कुठे चुकतं, मनातलं वाक्य कागदावर यायला किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष मोजावं लागतं. तिसरी तपासणी लक्ष आणि चंचलता यांची. त्यात घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती लागते, कारण एकाच ठिकाणी दिसणारी लक्षणं पुरत नाहीत. तुमच्या आकड्यांवरून मला लेखनातली अडचण, लक्षाची अडचण किंवा दोन्ही मिळून, असे तीन पर्याय दिसतात. कागदावरून निवड करणं बरोबर होणार नाही.

बोटांच्या ठशांची तपासणी करू नका. त्यात काहीही तथ्य नाही. बोटांवरच्या रेषा गर्भात चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तयार होऊन पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांच्यावरून बुद्धी, कल, शिकण्याची पद्धत किंवा पुढचा पेशा कळतो याला कसलाही पुरावा नाही. काही जनुकीय आजारांत हाताच्या रेषांची ठेवण वेगळी दिसते, हे खरं आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकीचा डोलारा उभा केला जातो. रंगीत आलेख, मेंदूची चित्रं, टक्केवारीतल्या आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता, असं सगळं त्या रिपोर्टमध्ये असतं, आणि आईवडील ते वाचून सात-आठ वर्षांच्या मुलाची दिशा ठरवून टाकतात. याची मला मनापासून चीड येते. मोबाइलवरच्या वीस प्रश्नांच्या ‘आयक्यू टेस्ट’लाही हेच लागू आहे. ज्या चाचणीची मानकं, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले गुण, कोणत्या वयाच्या किती मुलांवर बसवली हे सांगता येत नाही, तिचा आकडा कशाशीच ताडून पाहता येत नाही.

मानकांचा विषय निघालाच आहे तर रिपोर्टमध्ये चाचणीची कोणती आवृत्ती वापरली तेही बघा. विसाव्या शतकात पिढीगणिक लोकांचे गुण वाढत गेले, दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण या गतीने. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून हे दाखवलं. परिणाम असा की तीस-चाळीस वर्षं जुन्या मानकांवर मोजलं तर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. नुसत्या आकृत्यांच्या चाचण्यांबद्दलही एक वाक्य: रेव्हन यांची १९३८ ची आकृत्यांची चाचणी आणि लहान मुलांसाठी १९४७ मध्ये आलेलं तिचं ३६ आकृत्यांचं रंगीत रूप या चांगल्या चाचण्या आहेत, भाषेची अडचण असलेल्या मुलांसाठी तर फारच, पण तुमच्या मुलाची अडचण जिथे आहे त्या दोन क्षमता त्या मोजतच नाहीत. तिथे त्याला ९५ मिळाले असते आणि अडचण तशीच दडून राहिली असती.

आकडा बदलतो का, याचं उत्तर वयावर अवलंबून आहे. तान्ह्या मुलांच्या विकासाच्या चाचण्यांवरून पुढच्या बुद्ध्यांकाचा अंदाज फारसा येत नाही. पाच-सहा वर्षांच्या आधी मिळालेला आकडा मी स्वतः हलक्या हाताने धरते. त्यानंतर मात्र स्थैर्य वाढत जातं. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची, म्हणजे सुमारे ८७ हजार मुलांची, एकाच दिवशी चाचणी घेतली होती. त्यातल्या काहींना १९९८ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, तीच चाचणी पुन्हा दिली तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.६३ निघाला (० म्हणजे दोन्हींत काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). सहासष्ट वर्षांनंतरचा हा आकडा खूप मोठा आहे. तरीही त्याचा अर्थ ‘बदलत नाही’ असा होत नाही. एवढ्या सहसंबंधात बऱ्याच जणांची जागा चांगलीच वर-खाली झालेली असते. शिवाय सहसंबंध फक्त क्रम सांगतो, सगळ्यांची क्षमता मिळून वाढली असेल तर ते त्यात दिसत नाही.

आणि क्षमता वाढते. शाळेत घालवलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यांक सरासरी एक ते पाच गुणांनी वाढतो, असं सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०१८ मध्ये दाखवलं गेलं. आयोडीनची कमतरता भरून काढणं, शिशाचं प्रदूषण टाळणं यांचाही परिणाम मोजता आलेला आहे. ‘मेंदूचे खेळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅपमुळे मात्र त्या खेळातला स्कोअर वाढतो, वाचन किंवा गणितात तो फारसा झिरपत नाही. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरोबर बसून वाचलेलं कितीतरी बरं.

तरी आकडा वाढवणं हे ध्येय ठेवू नका असं मी सांगेन. या चाचणीचा जन्म ज्या कामासाठी झाला ते काम करून घ्या. १९०४ मध्ये फ्रान्स सरकारने एक समिती नेमली, कारण शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं कोणती, त्यांना कसली मदत लागेल, हे शिक्षकाच्या आवडीनिवडीवर न सोडता ठरवायचं होतं. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस कृतींची चाचणी बनवली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी गोष्ट आहे, या मताविरुद्ध बिने यांनी जाहीरपणे लिहिलं, आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी लक्ष आणि स्मृतीचे व्यायामही तयार केले. १९११ मध्ये ते गेले. आकड्याचा शिक्का करण्याचं काम पुढच्यांनी केलं. टर्मन यांनीच १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजाराहून जास्त ‘प्रज्ञावंत’ मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या निवडीत कमी गुणांमुळे न बसलेल्या मुलांपैकी विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. चाचण्या निरुपयोगी आहेत असं मला यातून म्हणायचं नाही, निवडलेल्या मुलांपैकी अनेकांनी खरोखर चांगलं काम केलं. बुद्ध्यांक आणि शाळेतले गुण यांचा सहसंबंध ०.५ च्या आसपास असतो. म्हणजे गुणांतल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा बुद्ध्यांकाशी जोडता येतो आणि बाकीचा शिकवणं, सराव, घर, झोप, चिकाटी, शिक्षकाशी नातं अशा गोष्टींत विखुरलेला असतो. त्या बाकीच्यावर तुमचा हात पोचतो.

शाळेशी बोलायला जाल तेव्हा ८६ ने सुरुवात करू नका. बाईंना सांगा की समज वयाप्रमाणे आहे, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं आणि लिहिणं मागे आहे. मग नेमक्या मागण्या ठेवा. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद किंवा शेजारच्याच्या वहीचा फोटो. परीक्षेत जादा वेळ, आणि काही प्रश्न तोंडी. दहाच्या जागी पाच गणितं, पण पाचही पूर्ण. आणि सूचना एकेक करून. ‘वह्या काढा, सतरावं पान उघडा, वर तारीख टाका, तिसरा प्रश्न सोडवा’ हे एका दमात आलं की कार्यकारी स्मृती ७६ असलेल्या मुलाच्या हातात वही येते आणि पुढचं सगळं निसटलेलं असतं. तो शेजारच्याकडे बघतो आणि बोलणी खातो. तेच फळ्याच्या कोपऱ्यात चार शब्दांत लिहिलं तर तो कुणाची मदत न घेता करतो. घरीही हेच: एक काम सांगा, त्याच्याकडून ते म्हणवून घ्या, झालं की दुसरं.

पूर्ण रिपोर्ट शाळेला द्यायची गरज नाही. आकड्यांचा तक्ता स्वतःकडे ठेवा आणि परीक्षकांकडून निष्कर्ष आणि शिफारशींचं एक पान वेगळं लिहून घ्या. नातेवाइकांना आकडा सांगूच नका. मुलाच्या देखत फोनवर सांगितलेला आकडा मुलाला कळतो, आणि पुढची कित्येक वर्षं तो स्वतःची ओळख त्या आकड्याने करून देतो. अशी मोठी झालेली मुलं माझ्याकडे येतात.

मुलाला काय सांगायचं? आपण मागे पडतो हे त्याला तुमच्या आधी कळलेलं आहे. सात वर्षांची मुलं यासाठी एकच कारण शोधतात, ‘मला येत नाही’. तेव्हा त्याला त्याच्या भाषेत खरं कारण द्या. त्या ताईंकडे कोडी सोडवलीस ना, त्यावरून कळलं की तुला गोष्टी छान समजतात आणि बोलून छान सांगता येतात. लिहायला तुझ्या हाताला जास्त वेळ लागतो, आणि खूप गोष्टी एकदम सांगितल्या की काही निसटतात. त्यासाठी आता बाई आणि आम्ही मदत करणार आहोत. एवढंच. त्याने ‘मी पास झालो का’ असं विचारलं तर यात पास-नापास नसतं हे सांगा, ते खरंही आहे.

वाचन-लेखनाची तपासणी येत्या दोन-तीन महिन्यांत उरकून घ्या, म्हणजे पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आत सवलती आणि शिकवणीचा प्रकार ठरेल. बुद्धिमापन पुन्हा करायचं ते दोन-तीन वर्षांनी, किंवा मोठा शैक्षणिक निर्णय घ्यायची वेळ येईल तेव्हा. त्या वेळी हा रिपोर्ट, सगळ्या तपासण्यांचे कागद आणि दर वर्षाची एकेक भरलेली वही बरोबर न्या. वहीतल्या अक्षरावरून आणि अर्धवट सुटलेल्या ओळींवरून परीक्षकाला कळतं की कोणती मदत लागू पडली आणि कोणती बदलायला हवी.